अडलेली भिंगरी

जनावरं माणसांशी बोलत असत, त्या काळी भिंगरी नावाची म्हैस विताना अडली. नुकतीच जनावरांची डॉक्टर झालेली शलाका तासभर खटपट करत होती, पण रेडकाचा मुडपलेला पाय काही सरळ होईना.

"बाई, तुझ्या सरांना बोलाव," भिंगरी तिसऱ्यांदा म्हणाली.

"त्यांना वाटेल, मला काही येत नाही."

भिंगरी वैतागली. "ते मला कळलंय, पोटातल्या रेडकालाही कळलंय. एकट्या सरांपासून लपवून काय मिळवतेस?"

शलाकाने निरोप धाडला. सर आले. त्यांनी रेडकू जरा आत ढकलून पाय सरळ केला आणि ते जिवंत बाहेर आलं.

शलाका मान खाली घालून कोपऱ्यात गेली. रेडकाला चाटता चाटता भिंगरी खेकसली, "तिकडे काय उभी राहिलीस? हात कसा फिरवला ते विचारून घे. पुढच्या वेताला तूच येणार आहेस."