मेव्हण्याच्या नावाचं रक्त

"महाराज, रक्त खोटं बोलतं का हो?"

नमस्कार करून उठायच्या आतच यशवंतने विचारलं. भोरजवळच्या डोंगरावरच्या या मठात तो दहा वर्षं येत होता, पण आज त्याची मान काही वर होत नव्हती.

शिवगिरी महाराज ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. "कोणाचं रक्त?"

यशवंतने पिशवीतून रिपोर्ट काढला. महाराजांनी जाड भिंगांचा चष्मा चढवला.

"हे तर कोणा दशरथ खुटवडांचं आहे."

"ते माझे मेव्हणे. नाव त्यांचं... रक्त माझं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं यशवंतला झालं. गावात रोज सकाळी साठ माणसं त्याच्याकडे योग शिकायला येत. त्यांच्यासमोर तो छाती ठोकून सांगे, "ज्याचं मन कच्चं, त्यालाच औषधाची गोळी लागते." आणि हाच बहाद्दर पुण्याच्या लॅबमध्ये मेव्हण्याचं नाव सांगून हात पुढे करून आला होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"खराब कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठ्याण्णव," तो पुटपुटला. "दोन महिने तूप सोडलं, तळलेलं सोडलं, पुन्हा तपासलं. एकशे नव्वद. रोज एकशे आठ सूर्यनमस्कार घालतो मी, महाराज!"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले, काका पन्नाशीत. डॉक्टर म्हणाले, हे ताटातून आलेलं नाही, घराण्यातून आलंय. नमस्कार चालू ठेवा, पण गोळीही घ्या." त्याने रिपोर्टकडे पाहिलं. "गोळी घेतली तर माझी साधना खोटी ठरेल ना?"

महाराजांनी चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

"चाळीस वर्षं मी त्राटक केलं. समईच्या ज्योतीवर नजर लावून बसायचो."

"मग... हा चष्मा?"

"डॉक्टरांनी दिला. आता ज्योत नीट दिसते."

यशवंतला हायसं वाटलं. आल्यापासून पहिल्यांदाच तो हसला.

"मग आजपासूनच सुरू करतो. कोणाला कळायचंही कारण नाही."

शेंगा फोडणारा हात थांबला.

"तुझं ऐकून किती जणांनी गोळ्या सोडल्या?"

यशवंत रिपोर्टची घडी घालू लागला.

"यशवंता."

"एकीनं. पुष्पाताई बांदल, शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. मी भर वर्गात म्हणालो, फेका त्या गोळ्या. त्यांनी पिशवीतून काढून खरंच फेकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या... मीही वाजवल्या."

"कधी?"

"दिवाळीत."

शिमगा आठवड्यावर आला होता. यशवंतला स्वतःचीच किळस आली. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्याकडे? दोन दिवस जाऊ द्या, महाराज. वर्ग सुटल्यावर त्यांना एकटं गाठतो, पुन्हा डॉक्टरांकडे जा म्हणून सांगतो..."

महाराजांनी त्याच्या हातातला चष्मा काढून घेतला.

"ऊठ. तुझी गोळी रात्रीची आहे. त्यांची दिवाळीपासून राहिलीय."