बारावा तुकडा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव सांगणारे कोणी उरले नाही. नदी मात्र अजून आहे म्हणतात.

त्या नदीकाठी एक गाव होते, आणि गावाच्या उशाला मोहाची राई होती. उन्हाळ्यात गावातली माणसे पहाटे उठून मोहाची फुले वेचत, पुढे बियांचे तेल काढत. फुलांवर पोट चाले आणि तेलावर दिवा जळे. राईवाचून गाव म्हणजे पाटीवाचून हमाल, असे त्या गावचे लोक म्हणत.

गावात एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत. तरुणपणी त्यांनी राजसभेत न्याय शिकवला होता. ग्रंथ पाठ होते, वादात कोणी हरवलेले नव्हते. पण स्वतःच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. दाराला कडी लावत आणि अंथरुणावर पडल्यावर विचारत, "अगं, कडी लावली का मी?" पत्नी म्हणे, "लावलीत. मघाशी उठून बघूनही आलात."

या माणसाला छंद होता लहान लहान, पण चालती यंत्रे करण्याचा. मोहरी दळणारे वीतभर जाते, एका वेळी तिळाचे चार थेंब तेल काढणारा घाणा, अशा वस्तू ते घडवत. कोणाच्या कामाला येत नसत त्या. तरी मोहरी खरोखर दळली गेली की शास्त्रीबुवांच्या चेहऱ्यावर जे हसू येई, ते वाद जिंकल्यावरही कधी आलेले नव्हते.

एके वर्षी राणीने ठरवले की माळावरच्या कोरड्या शेतांना नदीचे पाणी द्यायचे. पाट खणायचा होता. राणीचा कारभारी माणसे घेऊन आला आणि नदीपासून खुंट्या ठोकत निघाला. मोठा काटेकोर माणूस. प्रत्येक खुंटी ठोकताना तो वाकून एक डोळा मिटी, मागच्या दोन खुंट्यांशी नवी खुंटी जुळते का ते पाही, आणि मगच पुढे सरके. शास्त्रीबुवा काठी टेकत ते बघायला जात. 'काम असे करावे,' असे त्यांच्या मनात येई.

खुंट्या येता येता राईत शिरल्या.

पाट पाहायला राणी आली आणि नदीकाठी तिचा तंबू पडला, तेव्हा गावकरी तिच्यापुढे उभे राहिले. राणी म्हणाली, "राई तोडायची हौस मला नाही. पण माळावरची माणसंही माझीच आहेत."

कारभारी म्हणाला, "पाट सरळ आखलाय, राणीसाहेब. सरळ रेषा राईत येते, त्याला मी काय करू? पाण्याला वळणं दिली तर ते बांध फोडतं."

तेव्हा शास्त्रीबुवांच्या तोंडून निघून गेले, "पाटाऐवजी चाक बसवलं तर? नदीच्या ओढीनंच फिरेल आणि पाणी उचलून थेट माळावर टाकेल. मी लहान चाक करून दाखवतो."

राणीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "पौर्णिमेला दाखवा. लहान चाकानं पाणी चढवलं, तर मोठं मी बांधून घेईन. नाही चढवलं, तर दुसऱ्या सकाळी कुऱ्हाडी लागतील."

शास्त्रीबुवा घरी आले. "मी कशाला बोललो?" ते पत्नीला म्हणाले.

"आता बोललात ना? मग करवत काढा," ती म्हणाली.

त्यांनी अंगणात दोरी धरून चाकाचा घेर आखला. घेराला बारा कमानदार तुकडे लागणार होते, सगळे सारखे. आखलेल्या घेरावरून पहिला तुकडा त्यांनी शिसवी लाकडातून घडवला. तासला, घासला, पुन्हा घेरावर ठेवून पाहिला. असा तुकडा त्यांच्या हातून कधी उतरला नव्हता. त्याच्याभोवती कोळशाने रेघ मारून त्यांनी दुसरा कापला. कापताना रेघ मात्र राखली, कारण जास्त कापले गेले तर लाकूड परत चिकटत नाही. मग पहिला तुकडा रेशमी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवून दिला; चाकात त्याच्यानंतरचे बारा घालायचे ठरवले.

"तो का ठेवलात?" पत्नीने विचारले. ती अंगण सारवत होती आणि आखलेला घेर शेणाखाली जात होता.

"पडला, टवका उडाला, तर? असा पुन्हा जमायचा नाही मला."

"मग देवघरातच ठेवा. मी हळदकुंकू वाहीन."

तिसरा तुकडा त्यांनी दुसऱ्यावरून कापला, चौथा तिसऱ्यावरून. प्रत्येक नवा तुकडा ते मागच्यावर ठेवत, उजेडाकडे धरत, बोटाने कडा चाचपत. फरक दिसत नसे. तरी शंका येई. मग पुन्हा धरत.

त्यांच्या कामाच्या खोलीत, तुळईच्या कोपऱ्यात, एका कुंभारीण माशीने मातीची घरटी बांधायला घेतली होती. ती ओली माती आणी, लिंपी, आत शिरून बाहेर येई आणि पुढच्या खोलीला लागे. शास्त्रीबुवा अकरावा तुकडा उजेडाकडे धरून उभे होते तेव्हा ती म्हणाली, "म्हाताऱ्या, किती वेळा बघशील रे?"

"खात्री होईपर्यंत," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मग माझी नातवंडं उडतील तेव्हा सांग," ती म्हणाली आणि मातीला गेली.

चाक जोडायला घेतले तेव्हा चाकातला शेवटचा, बारावा तुकडा बसेना. उरलेली जागा त्याच्यापेक्षा लहान होती. शास्त्रीबुवांनी सगळे सांधे उकलून पुन्हा लावले. तरी बसेना. पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती. शेवटी त्यांनी कानस घेतली, बाराव्या तुकड्याची दोन्ही टोके घासली आणि तो ठोकून बसवला. लांबून चाक गोल दिसत होते.

पौर्णिमेला सकाळी नदीवर सारा गाव जमला. चाकाला बोराएवढे मातीचे पोहरे बांधले होते, वर बांबूची पन्हळ होती. शास्त्रीबुवांनी चाक प्रवाहात सोडले. ते फिरू लागले, पोहरे भरले, वर चढू लागले. अर्ध्यावर येऊन चाक थबकले, जरा डुलले आणि उलटे फिरून होते तिथे आले. पुन्हा ढकलले, पुन्हा तेच. एका बाजूला ते जड होते आणि आसाभोवती सारखे नव्हते. पन्हळीत एक थेंब पडला नाही.

"शास्त्रीबुवांचं चाक मोठं संस्कारी," कारभारी म्हणाला. "दिवेलागणीआधी घरी परततं."

लोक हसले. ज्यांची राई जायची होती तेही हसले, कारण दुसरे काय करायचे ते त्यांना सुचेना. राणी हसली नाही. "उद्या सकाळी," एवढेच म्हणाली आणि तंबूकडे वळली.

घरी येऊन शास्त्रीबुवा चाक मांडीवर घेऊन बसले. ऊन कलले होते. कुंभारीण माशी शेवटची खोली लिंपत होती.

"मी प्रत्येक तुकडा तपासला होता," ते म्हणाले. कोणाला म्हणाले, ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

"तपासलास खरा," माशी म्हणाली. "पण कशाशी?"

"मागच्या तुकड्याशी."

"आणि मागचा कशाशी?"

शास्त्रीबुवांनी चाकावरून बोट मागे मागे नेले, एका तुकड्यावरून त्याच्या मागच्यावर. मग त्यांनी विचारले, "तू गं? तुझ्या खोल्या सारख्या कशा होतात? तू तर मागची बघतही नाहीस."

"मागची कशाला बघू? मी आत शिरते. मी मावले की खोली झाली. मी तीच आहे ना."

शास्त्रीबुवांनी पेटी उघडली, रेशमी फडके सोडले, चाकातून अकरावा तुकडा उकलला आणि पहिला त्याच्यावर ठेवला. अकरावा पहिल्यापेक्षा करंगळीच्या नखाएवढा जास्त लांब होता. कोणत्याही दोन शेजाऱ्यांत डोळ्याला दिसेल असा फरक नव्हता. होती ती एकेका कोळशाच्या रेघेची जाडी. दर वेळी राखलेली रेघ पुढच्या तुकड्यात जात होती आणि तो तिच्यावर आपली रेघ चढवून पुढे देत होता. ज्याच्याशी ताडायचे, तो मात्र रेशमात निजला होता.

पत्नी दारात उभी होती. "मग आता पहिल्यावरून नवे करा."

"सकाळी कुऱ्हाडी आहेत. कुठला वेळ?" ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "अगं, त्या खुंट्या. कारभारीही दर खुंटी मागच्या दोन खुंट्यांशीच जुळवत होता. मी रोज बघत होतो आणि मान डोलवत होतो."

"मग जा, सांगा राणीला."

"आजच तोंडावर पडलोय. मला दुसऱ्याची चूक काढायचा काय अधिकार? आणि नसलीच चूक, तर?"

"तर उद्याही हसतील," ती म्हणाली. "हसणारे तेच असतील, नवे काही यायचे नाहीत. आता दोन घास खा."

सकाळी कडी लावली की नाही हे न बघता शास्त्रीबुवा निघाले. वयामुळे पाय उचलत नव्हता. राईच्या कडेला पोचले तेव्हा एक मोह आडवा पडलेला होता आणि दुसऱ्याला घाव बसत होता.

"राणीसाहेब," ते धापा टाकत म्हणाले, "कुऱ्हाड घटकाभर थांबवा. माझं चाक का फसलं ते सांगायला आलोय."

"आता ते ऐकून काय करायचंय?" कारभारी म्हणाला.

राणीने हात वर केला. कुऱ्हाड थांबली. शास्त्रीबुवांनी पहिला आणि अकरावा तुकडा तिच्या हातात दिला आणि कसे झाले ते सांगितले. आपला दोष त्यांनी रेघभरही लहान केला नाही. मग म्हणाले, "आता एकदा पहिल्या खुंटीपाशी चला. पहिल्या दोन खुंट्या जिकडे बोट दाखवतात, तिकडे बघा. मधल्यांकडे बघू नका. मी चुकत असेन तर चुकत असेन. पण एकदा बघा."

राणी घोड्यावर बसून नदीकडे गेली. पहिल्या खुंटीपाशी उतरून तिने एक डोळा मिटला आणि दुसऱ्या खुंटीवरून नजर लावली. तिने दूर एका शिपायाला पांढरे पागोटे हातात धरून उभे केले होते. त्याला ती खुणेने सरकवत राहिली, उजवीकडे, अजून उजवीकडे. शिपाई राईतून बाहेर आला आणि उघड्या माळावर, शेवटच्या झाडापासूनही लांब जाऊन थांबला. मधल्या खुंट्या त्या रेषेपासून विळ्यासारख्या वळत राईत गेल्या होत्या. जवळून बघताना मात्र प्रत्येक खुंटी सरळच होती.

राणीने कारभाऱ्याला विचारले, "तू तपासल्या नव्हत्यास?"

कारभाऱ्याचा चेहरा उतरला होता. "प्रत्येक तपासली, राणीसाहेब. दोन-दोनदा. मागच्या खुंट्यांशी."

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. हेच उत्तर त्यांनी काल दिले होते.

राणीने कारभाऱ्याला शिक्षा केली नाही. पहिल्या दोन खुंट्यांपाशी उंच काठ्या रोवायला सांगितल्या आणि पुढची प्रत्येक खुंटी त्या दोन काठ्यांच्या रेषेत बघून ठोकायला लावली. पाट राईबाहेरून गेला. माळाला पाणी मिळाले, गावाला राई राहिली. पडलेला मोह तेवढा पुन्हा उभा राहिला नाही. त्याची फुले ज्या घरी जात, त्या घराला त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी आपल्यातली दिली.

शास्त्रीबुवांनी चाक पुन्हा केले. आता रेघ कोळशाने न मारता सुरीच्या टोकाने कोरली आणि बाराही तुकडे पहिल्यावरूनच आखले. पहिल्याच्या कडा हाताळून काळ्या पडल्या, एका कोपऱ्याचा टवका उडाला, तरी तो फडक्यात परत गेला नाही. चाक पाटावर बसवले. ते पत्नीच्या कोथिंबिरीच्या वाफ्यापुरते पाणी उचलते आणि उलटे फिरत नाही.

तात्पर्य: मागचे पाऊल आपली चूक पुढच्याच्या पदरात घालते, म्हणून प्रत्येक पाऊल मागच्याशी नव्हे, मुळाशी ताडून पाहावे.