जलराक्षसाला नाही म्हणणारा नावाडी

पूर्वी अपरांतात चित्रवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शूर्पारक बंदरातल्या एका नावाड्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव दिशापाल. वयात आल्यावर तो निर्यामक झाला, म्हणजे सुकाणूशी उभा राहून भर समुद्रात वाट दाखवणारा. ताऱ्यांवरून, पाण्याच्या रंगावरून, पाखरांच्या उडण्यावरून तो दिशा ओळखत असे. स्वभावाने शांत होता, पण एकदा नाही म्हटले की त्याचे हो होत नसे.

त्याच बंदरातल्या मणिगुप्त श्रेष्ठीने अरबांच्या देशी जाण्यासाठी एक नौका सज्ज केली. सागवानी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ती बांधलेली होती. सुती कापड आणि मिरी भरून, दिशापालाला सुकाणूवर घेऊन, श्रेष्ठी पश्चिमेला निघाला.

वाटेत वादळाने त्यांना भलत्याच समुद्रात नेऊन टाकले. तिथले पाणी दुधासारखे पांढरे होते. एक पक्षी डोक्यावरून गेला, तर त्याची सावली सरायला बराच वेळ लागला. पुढे लोहचुंबकाचा काळा डोंगर आला. त्याने खलाशांचे सुरे, कुऱ्हाडी, लोखंडी नांगरसुद्धा ओढून घेतला. नौकेत एकही खिळा नव्हता म्हणून ती तेवढी शाबूत राहिली. दुसरे एक जहाज मात्र तिथे फुटले होते, आणि त्याची फळी कवटाळून एक म्हातारा अरब तरंगत होता. वाईल त्याचे नाव; समुद्रात बुडी मारून मोती काढणे हा त्याचा धंदा. दिशापालाने त्याला वर घेतले आणि आपल्या वाट्याचे पाणी पाजले.

डोंगर मागे पडला तोच वारा थांबला. शीड लोंबू लागले. मग समोरचे पाणी फुगले आणि त्यातून एक डोके वर आले. ते डोलकाठीहून उंच होते. केसांत शिंपले रुजले होते, कानांत खेकडे राहत होते.

"एक माणूस द्या," जलराक्षस म्हणाला. "मग वारा सोडीन."

वाईलने या जागेविषयी ऐकले होते. त्याने सांगितले की इथे येणारी जहाजे चिठ्ठ्या टाकतात, एकाला पाण्यात ढकलतात आणि मागे न बघता निघून जातात. पण मणिगुप्ताला चिठ्ठ्यांचीही गरज वाटली नाही. तो खलाशांना समजावू लागला की हा म्हातारा ना आपल्या गावचा, ना नात्याचा. आपण उचलला नसता तर एव्हाना बुडालाच असता. काही खलाशी खाली मान घालून उठले.

दिशापाल सुकाणू सोडून वाईलच्या पुढे येऊन उभा राहिला. "याला कोणी हात लावायचा नाही."

"एका परक्यासाठी तू सगळ्यांना मारणार?" श्रेष्ठीने विचारले.

"मी कोणाला मारत नाही. कोणाला देतही नाही."

"एवढी माया आहे तर त्याच्याऐवजी तू जा."

"मीही जाणार नाही. मी गेलो तर माणूस देण्याची रीत तशीच चालू राहील. मला ती मोडायची आहे." मग तो खलाशांकडे वळला. "घरी परतताना वादळ पुन्हा इथेच आणून टाकू शकेल. आज वाईल. तेव्हा कोण, ते आताच ठरवा. नाव घ्या, मी ऐकतो."

कोणीच नाव घेतले नाही. थोड्या वेळाने नौकेवरचा आचारी मुकाट्याने वाईलच्या शेजारी जाऊन बसला. मग सुतार बसला. मग बाकीचेही.

दिशापाल राक्षसाला म्हणाला, "तुला माणूस हवा असेल तर नौका फोड आणि घे. आमच्या हातून मिळणार नाही."

राक्षसाने हात उगारला. ऊन झाकले गेले. हात डोलकाठीपर्यंत खाली आला आणि थांबला. त्याने पुन्हा उगारला. पुन्हा तिथेच थांबला. दिशापालाच्या ते ध्यानात आले.

"तुला घेता येत नाही," तो म्हणाला.

राक्षसाने हात पाण्यात सोडला. मग त्याने कबूल केले की तशी यक्ष-राक्षसांचा राजा वैश्रवण याची आज्ञाच आहे. लोक आपल्या हाताने देतील तेवढेच त्याचे. आजवर कोणी नाही म्हटले नव्हते, म्हणून हे कोणाला कळलेही नव्हते. "पण वारा माझ्या मुठीत आहे," तो म्हणाला. "घसा कोरडा पडला की द्याल."

"बघू," दिशापाल म्हणाला.

ऊन तापत गेले. माठांतले पाणी खाली जाऊ लागले. खलाशांचे ओठ फुटले, पण कोणी जागचे हलले नाही. एका दुपारी खुद्द मणिगुप्ताने वाईलचा दंड धरून त्याला काठाकडे ओढले, तेव्हा आचाऱ्याने श्रेष्ठीची बोटे एकेक करून सोडवली आणि त्याला सावलीत नेऊन बसवले. वाईल म्हणाला की मी आपणहून उडी मारतो. दिशापालाने त्यालाही नाहीच म्हटले.

इकडे राक्षसही खंगत चालला होता. त्याचा आवाज बारीक झाला. शेवटी तो नौकेच्या कडेला हनुवटी टेकून म्हणाला, "मला भूक लागली आहे."

दिशापालाला त्याची दया आली. तो म्हणाला, "माणूस मागशील तर मरेपर्यंत नाही म्हणेन. अन्न मागशील तर आहे त्यातले देईन." आणि त्याने आपल्या वाट्याचा भात त्याच्यापुढे धरला. वाईलने आपला वाटा त्यात घातला. एकामागून एक सगळ्यांनी घातला. अखेर मणिगुप्तही द्रोण घेऊन आला.

त्या अवाढव्य तोंडाला तो घास तो केवढा! पण राक्षसाने तो सावकाश खाल्ला. आजवर जे मिळाले ते ओरडत, हातपाय झाडत त्याच्या तोंडी आले होते. भीतीवाचून कोणी काही दिले, ते हे पहिलेच.

त्याने विचारले, "दुसरी जहाजे माणूस टाकतील, तेव्हा मी काय करू?"

"उचलून परत जहाजात ठेव. नाही म्हणणे तुलाही जमेल."

राक्षसाने मूठ उघडली. शीड भरले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितली ती एका दुष्काळी वर्षावासात, भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात. गावच्या गृहपतीने निरोप धाडला होता की परदेशातून आलेल्या आजारी भिक्षूला घालवून द्या, नाहीतर भिक्षा बंद. विहारातले काही जण त्याला तयारही झाले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा मणिगुप्त तो आजचा गृहपती. वाईल तो हा आजारी भिक्षू. खलाशी ते तुम्ही, आणि निर्यामक मी होतो."

एकाने विचारले, "भगवन्, आणि राक्षस?"

"मघापासून जो या आजाऱ्याचे डोके मांडीवर घेऊन त्याला पेज भरवतो आहे, तो."

ते पुढे म्हणाले, "भिक्षूंनो, सगळे हो म्हणत असताना न ढळणे, याला अधिष्ठान म्हणतात."

त्या दिवशी भिक्षापात्रे रिकामी राहिली. विहारातून कोणी गेले नाही.