रिकाम्या ऐरणीचा ठोका

एका गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे, केरबा नावाचा एक लोहार आणि त्याची बायको येसू राहत असत. घराला लागूनच त्यांची भट्टी होती आणि दोघांची कामे वाटलेली होती. केरबा तापलेले लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर ठेवी. दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने तो जिथे टकटक करी, नेमका तिथे येसूचा घण पडे. घण चांगलाच जड होता. गावातल्या चार पुरुषांनी तो उचलून पाहिला होता आणि परत ठेवताना चौघांनीही काही ना काही कारण सांगितले होते.

भट्टीचा एक नेम होता. काम चालू असताना तोंडाने बोलायचे नाही. हातोडी लोखंडावर वाजली की घण मारायचा. हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली की घण असेल तिथे थांबवायचा. अठरा वर्षांत येसूने हा ठोका एकदाही चुकवला नव्हता. म्हणजे दिवसाचे सहा-सात तास हे जोडपे अत्यंत समजूतदार होते. अडचण सुरू होई ती तोंड उघडल्यावर.

भांडण बहुधा आमटीतल्या मिठावरून निघे. पहिली दोन वाक्ये मिठाची असत. तिसऱ्या वाक्याला केरबा म्हणे, "बायकी अक्कल ती! तिच्याकडनं दुसरं काय व्हायचं?" चौथ्या वाक्यात एक शब्द येई. तो इथे लिहीत नाही. गावोगावी तो इतका सढळ वापरला जातो की वाचकाला आठवायला कष्ट पडू नयेत. येसू एरवी नवऱ्याला 'अवं' म्हणे, पण तो शब्द आला की ती एकेरीवर उतरे. "बायल्या! बांगड्या भर हातात आन् बस चुलीपाशी!" म्हणणारीच्या हातात बांगड्या होत्या आणि त्याच हातांनी ती घण उचलत होती, हे दोघांच्याही ध्यानात येत नसे.

मग दोघे जेवून उठत. दोघेही थकलेले असत. सवय तेवढी थकत नसे. मिठाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नसे.

एके वर्षी नांगरट तोंडावर आली आणि अकरा शेतकऱ्यांचे फाळ एकाच दिवशी भट्टीवर येऊन पडले. फाळ त्या दिवशी झाले नसते, तर शेतकरी पलीकडच्या गावच्या लोहाराकडे गेले असते आणि पुढच्या वर्षीही तिकडेच वळले असते. हे केरबा जाणून होता. त्यामुळे सकाळपासूनच त्याचे डोके भट्टीपेक्षा तापले होते. शेतकरी ओंडक्यावर बसून होते. त्यांच्यात दगडू पैलवानही होता. त्याचा फाळ नव्हता. त्याला फक्त वेळ होता.

तिसऱ्या फाळाच्या वेळी येसूने नेम मोडला. ती बोलली. "अवं, जास्ती तापलंय. जरा रंग उतरू द्या."

चार माणसांदेखत बायकोने चूक दाखवली, हे केरबाला सोसले नाही. "बाईमाणसानं लोखंड शिकवू नये. घण उचल!"

तिने उचलला. फाळाचे टोक तडकन फुटले. ओंडक्यावरून कोणीतरी च् च् केले.

केरबाने मिठाची दोन वाक्येही खर्च केली नाहीत. एकदम त्या शब्दावर आला. येसूनेही बांगड्यांचे आमंत्रण दिले. बसलेली मंडळी हसली. दगडू पैलवान तर मांडीवर थाप मारून हसला. अशी करमणूक फुकट मिळत असेल तर माणूस फाळ नसतानाही येतो.

केरबाने दुसरे लोखंड काढले, ऐरणीवर ठेवले आणि हातोडी वाजवली. घण उठला नाही. त्याने पुन्हा वाजवली. लोखंड लालाचे काळे होऊ लागले.

"मार की!"

"न्हाई मारत," येसू म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उतरलेला होता. "हितं तुमचा हात हाय. इतकी वर्सं तो शब्द गिळायचा, मग घण उचलायचा, आन् तुमच्या हाताच्या चार बोटं पल्याड मारायचा. आज दमले. आज घण कुठं पडंल, ते माझं मला ठाऊक न्हाई."

तिने घण भिंतीला टेकवला आणि भट्टीमागच्या बाभळीखाली जाऊन बसली.

"काय अडलंय तिच्यावाचून?" दगडू पैलवान उठला. "बाईचं तर काम हे. आण हिकडं."

केरबाने लोखंड पुन्हा तापवले आणि हातोडी टकटक केली. पैलवानाने घण डोक्यावर नेला आणि खाली आणला. तो ऐरणीच्या कडेवर आदळला. ठिणग्या केरबाच्या मिशीपर्यंत आल्या. दुसऱ्या खेपेला केरबाने रिकाम्या ऐरणीवर ठोका दिला. पैलवानाला तो समजला नाही आणि घण सांडशीच्या टोकावर उतरला. तिसऱ्या खेपेला घण वर गेला मात्र, केरबाचा हात आपोआप मागे आला. लोखंड मातीत पडले.

"अरं, बाईवाणी हात काय मागं घेतोस?" पैलवान ओरडला.

सगळे हसले. केरबा आपल्या हाताकडे बघत राहिला. अठरा वर्षे एका बाईचा घण या हाताशेजारी पडत होता. तो शब्द बोलून तोंड मिटते न मिटते तोच, पाठोपाठ, याच ऐरणीवर त्याने हा हात ठेवला होता. तो एकदाही मागे आला नव्हता. बाई होती म्हणूनच तर आला नव्हता. आज प्रथमच या हाताशेजारी पुरुषाचा घण पडत होता आणि हात मागे आला होता.

पैलवानाने खांदा चोळत घण खाली ठेवला. "आज उपास हाय माझा," तो म्हणाला. गावातला तो पाचवा.

केरबा बाभळीखाली गेला. येसू गुडघ्यांवर हात टाकून बसली होती. त्या हातांना पडलेले घट्टे त्याने आज नीट पाहिले.

"लोखंड मीच जास्ती तापवलं," तो म्हणाला.

"ते दिसलं समद्यांना. दुसरं बोला."

"तो शब्द पुन्यांदा न्हाई बोलणार."

"बोलाल. अठरा वर्सांची खोड एका फाळानं जातीय व्हय?" तिने हातावरची राख झटकली. "मी बी काय कमी न्हाई. तुमाला बायल्या म्हणते. म्हणून झालं की माझंच तोंड कडू हुतं. बाई असणं ही शिवी, तर मग मी कोण?"

केरबाने तिच्या पायाशी पडलेला बाभळीचा काटा उचलून दूर टाकला. मग म्हणाला, "मग करायचं काय?"

"हातोडी हाय की घरात. शब्द तोंडाशी आला की रिकाम्या ऐरणीवर ठोका द्यायचा. तुमचा असू द्या, न्हाईतर माझा. ठोका वाजला की हितंच थांबायचं."

ती उठली. सगळे फाळ दिवेलागणीपर्यंत झाले. केरबाचा हात जागच्या जागी होता.

त्यानंतर जेवणाच्या वेळी त्या घरातून अधूनमधून ठण्ण असा एकच ठोका ऐकू येई. गावाला वाटे, लोहाराचे काम फार वाढले. दगडू पैलवान काही दिवस ओंडक्यावर येऊन बसला, पण ऐकण्यासारखे काही न मिळाल्याने कंटाळून गेला. भांडणे काही संपली नाहीत. आमटी अजून कधी खारट होते, कधी अळणी. फरक एवढाच की आता भांडण मिठाचे असते, आणि मिठावरच संपते.

तात्पर्य: नवरा-बायकोने भांडावे, पण ज्यावरून भांडण निघाले त्यावरूनच भांडावे. बाईला बाईपणाची आणि पुरुषाला पुरुषपणाची शिवी रागाच्या भरातही देऊ नये, कारण ज्याच्या भरवशावर आपला हात ऐरणीवर असतो, त्याचाच हात त्या शिवीने थकतो.