लाखेचा कीस आणि उपाशी हंस

फार पूर्वी शिलावती नगरात बलदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाखाऱ्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव लोहितक. लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्या साऱ्या आळीचा तो मुखिया होता. त्याच्या बांगडीचा तांबडा रंग दुसऱ्या कोणाला साधत नसे. त्या रंगात तो कसली साल उगाळतो, हे त्याने बायकोलाही सांगितले नव्हते.

आळीच्या मागे मोठे सरोवर होते आणि त्यात हंस राहत. हंस आहेत तोवर आपले राज्य आहे, असे राजा मानी. त्या वर्षी हंस मरू लागले. रोज सकाळी काठावर एकदोन पडलेले असत. राजवैद्य म्हणाले, हे विष आहे. विष म्हटले की ते घालणारा कोणीतरी हवाच. मग शेजारी शेजाऱ्याच्या घड्यात डोकावू लागला, सासू सुनेच्या हातचे पाणी आधी मांजराला पाजू लागली. शेवटी सर्वांचे बोट कोळ्यांकडे वळले. हंस मासे खातात म्हणून कोळ्यांनी त्यांना मारले, असे ठरले. हंस मासे खातो की नाही, हे पाहायला मात्र कोणी गेले नाही.

राजाने आज्ञा केली, "पौर्णिमेपर्यंत गुन्हेगार पुढे आला नाही, तर कोळ्यांचा मुखिया पिंगळ सुळावर जाईल."

लोहितकालाही पिंगळचाच संशय होता. हा म्हातारा पहाटेच काठावर का फिरतो, हे त्याला उमगत नव्हते. पौर्णिमेला चार दिवस उरले असताना तो उजाडण्याआधीच लव्हाळ्यात दबा धरून बसला. थोड्या वेळाने पिंगळ आला. एक हंस मान टाकून बसला होता. पिंगळने त्याला मांडीवर घेतले आणि त्याच्या चोचीत काहीतरी भरवू लागला. लोहितकाने धावत जाऊन त्याचा हात धरला.

"सापडलास! काय चारतोस?"

पिंगळने मूठ उघडली. आत भिजवलेले तांदूळ होते. "चार दिवस चारतोय, पण गिळत नाही. मुखियाबाबा, विषानं पाखरू तडफडतं. हे उभ्या उभ्या वाळतंय. पोट बघा कसं टम्म आहे आणि छाती बघा."

हंसाच्या छातीचे हाड सुरीसारखे वर आले होते. पिंगळ बोलत असतानाच हंसाने प्राण सोडला. पिंगळने कोयता लोहितकापुढे ठेवला. "तुम्हीच फाडा. मी फाडला तर म्हणाल, मीच आत घातलं."

लोहितकाने पोट फाडले. आत अन्नाचा कण नव्हता. तांबड्या बारीक कणांचा गच्च गोळा होता. तो रंग जगात एकच माणूस करीत होता.

लाखाऱ्यांची एक जुनी रीत होती. बांगडी कानशीने घासली की कीस पडतो. त्यात धूळ मिसळली की चकाकी जाते, म्हणून तो पुन्हा वितळवत नसत. दिवस मावळताना बायका कीस सरोवरात सोडत आणि म्हणत, "झाडाचे होते, झाडाला पोचो." पाण्यात तो विरून मुळांना मिळतो, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या वर्षी पाणी ओसरले, काठाच्या चिखलात साचलेला कीस उघडा पडला आणि हंस त्याला बी समजून टिपू लागले.

घरी येताना लोहितकाच्या मनात आले, पिंगळनेच आपला कीस हंसांना चारला असेल. संशय दुसऱ्यावर ठेवला की मन कसे हलके होते, हे त्याने त्या दिवशी अनुभवले. शिवाय राजकन्येच्या लग्नाच्या बांगड्यांचे काम त्याच्याच आळीकडे होते. चार दिवस गप्प बसले की झाले.

तो दारात पोचला तोच त्याची सून टोपली घेऊन बांगड्या विकायला निघाली. तिने आरोळी दिली, "घ्या लाखेची बांगडी, पाण्यात कधी विरायची नाही!"

ही आरोळी त्यानेच तिला शिकवली होती. बांगडी विरत नाही, तर तिचा कीस तरी कसा विरेल, हे लोहितकाला उमगले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी त्याची गत झाली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

पौर्णिमेच्या सकाळी तो दरबारात उभा राहिला. "महाराज, पिंगळ निर्दोष आहे. हंस मी मारले."

राजाचे डोळे बारीक झाले. "कोळ्यांनी तुला काय द्यायचे कबूल केले आहे?"

"काही नाही. आज मेलेला हंस मागवा आणि आपल्या माणसाकडून फाडून घ्या."

हंस आणला गेला. त्याच्या पोटातूनही तोच तांबडा कीस निघाला. लोहितकाने राणीच्या हातातल्या बांगडीकडे बोट दाखवले. राणीने ती उतरवून कणांशेजारी ठेवली. रंग एकच होता.

"म्हणजे विष तू घातलेस," राजा म्हणाला.

"विष नाही, महाराज. पोट लाखेने भरते. हंसाला वाटते आपण जेवलो, आणि तो उपाशी मरतो."

"मुद्दाम केलेस?"

"मुद्दाम नाही. पण चार पिढ्या, रोज."

राजाने पिंगळला सोडले आणि लोहितकाला शिक्षा दिली, की सरोवर होते तसे करून दे. राजकन्येच्या बांगड्या परनगरातून आल्या. आळीतल्या लोकांनी लोहितकाशी बोलणे टाकले. कोळ्यांनी याला फितवले, असे ते मरेपर्यंत म्हणत राहिले. तरी राजाच्या धाकाने कीस पुन्हा वितळू लागला, आणि त्या किसाच्या चकाकी नसलेल्या बांगड्या गोरगरिबांच्या हातात दिसू लागल्या. लोहितक मात्र रोज फडके घेऊन काठावर जाई आणि चिखल गाळी. फडक्याचे दुसरे टोक पिंगळ धरी.

सात वर्षांनी एका हंसिणीने लव्हाळ्यात घरटे केले. त्या दिवशी म्हाताऱ्या लोहितकाने मूठभर चिखल तळहातावर पसरून पाहिला. त्यात अजून तीन तांबडे कण होते. त्याने ते वेचले आणि पुढची मूठ उचलली.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, परवा विहाराचे पाणी गढूळ केल्याचा आळ ज्याच्यावर आला, तो पुण्णक त्या वेळी पिंगळ होता. आळ घेणारा स्थविर सुदंत हा राजा बलदत्त होता. आणि लोहितक मी होतो. सत्य पारमिता, म्हणजे सत्याचे परम व्रत, अशी पाळली जाते. तेव्हा आधी आपापली भिक्षापात्रे कुठे धुतली, ते आठवून पाहा."