काच कोण पुसतं?

एकदा एक तरुण आपल्या वृद्ध गुरूंकडे घाईघाईने आला. गुरू पूर्वी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत असत आणि तरुण त्यांचा आवडता शिष्य होता. त्याच्या हातात शेअरचा अर्ज होता, सोबत सहा लाखांचा धनादेश. पैसे त्याच्या विधवा बहिणीचे होते. नवऱ्याच्या पश्चात तिच्याकडे तेवढेच उरले होते.

"गुरुजी, उद्या शेवटचा दिवस. उन्हापासून वीज करणारी छोटी कंपनी आहे. कोळसा नाही, धूर नाही. अक्काचे पैसे तीन वर्षांत दुप्पट होतील. नुसता आशीर्वाद द्या."

"कंपनी पाहिलीस?"

"माहितीपत्रक पाहिलं."

"फोटो पाहून लग्न ठरवणारा तू काही पहिला नाहीस," गुरू म्हणाले. "चल."

प्रकल्प गावाबाहेरच्या माळावर होता. फाटकाशी हिरवळ, तिच्यावर गरगर फिरणारे फवारे आणि मध्यभागी भूमिपूजन करणाऱ्या मालकाचा भलामोठा फलक. मालक स्वतः शाल-श्रीफळ घेऊन सामोरे आले.

"या गुरुजी! आपले पाय लागले, आमची जागा पावन झाली."

गुरूंनी शाल बाजूला ठेवली. "एक बादली पाणी आणि फडकं मिळेल?"

मालक हसले, शिष्य ओशाळला. बादली सापडायला पाव तास गेला. पाणी फाटकापासून वाहून आणावे लागले, कारण पॅनेलांकडे नळच नव्हता. सत्तरी उलटलेले गुरू धोतर खोचून एक पॅनेल पुसू लागले. दोन हात फिरवताच फडके काळे पडले. शेजारच्या पॅनेलवर दसऱ्याच्या पूजेला काढलेले हळद-कुंकवाचे स्वस्तिक अजून वाळून चिकटलेले होते. दसरा होऊन चार महिने झाले होते.

"अहो, आपण कशाला त्रास घेता? माणसं आहेत त्याला," मालक म्हणाले.

"बोलवा की."

कोणी आले नाही. माणसे नव्हतीच.

परतताना शिष्य चिडला. "एक काच मळकी निघाली म्हणून कंपनीच वाईट? असा संशय घेत बसलो तर कोळसाच जाळत राहू! तुमच्या पिढीने तेच केलं."

"केलं," गुरू म्हणाले. "पण ऐक. काचेवर धूळ बसली की वीज घटते. ऊन फुकट आहे, काच पुसणारा फुकट नाही. ज्याने हिरवळीला पाणी नेलं आणि पॅनेलला नेलं नाही, त्याला वीज विकायची नाही, शेअर विकायचे आहेत. आणि हा तर लबाड; या धंद्यात प्रामाणिक माणूसही बुडतो. सरकार दर बदलतं. वीज घेणारा एकच असतो आणि तोच बिल थकवतो. म्हणून इथे लावायचे ते बुडाले तरी चूल पेटेल एवढेच. तुझे लाव. अक्काचे नव्हे."

"मग छोट्यांनी उभं राहायचं कसं?"

"मागच्या वर्षी भाजीबाजाराच्या कचऱ्यापासून गॅस करणारी दोन पोरं तुझ्याकडे आली होती. काय म्हणाली?"

"पाच वर्षं काही मिळणार नाही, म्हणाली. कदाचित कधीच नाही. पावसाळ्यात यंत्र रडतं, हेही त्यांनीच सांगितलं."

"किती दिलेस त्यांना?"

"काहीच नाही."

"मीही दिले नाहीत," गुरू म्हणाले. "गेल्या महिन्यात त्यांनी यंत्र भंगारात विकलं. खरं सांगणाऱ्याला आपण उपाशी मारतो आणि लबाडाच्या दारात रांग लावतो. पुढे लबाड बुडाला की म्हणतो, हे ऊनवाऱ्याचं सगळं थोतांडच."

घरी अक्का दारातच उभी होती. "दिलास का रे अर्ज?"

"नाही."

"का? तूच तर म्हणालास, इतकी चांगली कंपनी दुसरी नाही म्हणून!"

"म्हणालो खरा," तो खाली मान घालून म्हणाला. "मी पाहिलीच नव्हती, अक्का."