पहिल्या ताटाची कहाणी

ऐका अन्नपूर्णामाई, तुमची कहाणी. बायांनो, हातात तांदूळ घ्या, कान इकडं द्या. शेवंताकाकू, तुमच्या सुनेला, वैजूला, उभी कशाला ठेवलीत? सातवा लागलाय ना तिला? पाट द्या, पुढं बसवा. काय म्हणता, आज तिचाही उपास आहे? बरं. मग तर तिनं ही कहाणी ऐकायलाच हवी.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीबाहेर मळे होते, मळ्यांना बारमाही पाणी होतं. तिथं एक राजा होता. राजा मोठा धर्माचा, निदान भाट तरी तसं म्हणत. राणीला व्रतांची भारी हौस. तिनं अन्नपूर्णेची चांदीची मूर्ती घडवली, तिच्या हातात सोन्याची पळी दिली. दर शुक्रवारी छप्पन पदार्थांचा नैवेद्य दाखवायची.

राजा म्हणाला, माझ्या राज्यात कुणी उपाशी राहू नये. म्हणून त्यानं स्वस्त धान्याचं दुकान काढलं. माझ्या राज्यात कुणी औषधावाचून राहू नये. म्हणून दवाखाना बांधला. दुकानावर राजाचं चित्र लावलं, दवाखान्यावर राजाचं चित्र लावलं. चित्रात राजा हसतोय. का नाही हसणार? रांगेत तो थोडाच उभा होता!

वेशीबाहेर केवळा नावाची एक बाई होती. तिला एक मुलगा होता, भागू नावाची सून होती, हातभर मळा होता. मळ्यात मेथी होती, पालक होता, शेपू होता. दारात गाय होती, चार कोंबड्या होत्या. आता तुम्ही म्हणाल, मग काय कमी? ऐका. मेथी बाजारात जाई, दूध बाजारात जाई, अंडी बाजारात जात. घरात काय शिजे? तर दुकानचा तांदूळ, आणि वर मिरचीचा ठेचा.

त्या घराची रीत होती. मळ्यातल्या भाजीचा पहिला तोडा बाजाराचा. पहिली भाकरी पुरुषाची. उरलंसुरलं सासूचं. आणि त्यातूनही उरलं, तर सुनेचं. केवळा वाईट नव्हती हो. तिच्या सासूनं तिला असंच वाढलं, तिनं सुनेला तसंच वाढलं. वर अभिमानानं सांगायची, आमच्यात सून कधी आधी जेवली नाही!

भागूला आदल्या वर्षी दिवस गेले, ते राहिले नाहीत. केवळा म्हणाली, कुठंतरी व्रतात खोट राहिली. यंदा पुन्हा दिवस गेले. मग केवळानं सुनेवर सोमवार घातला, शुक्रवार घातला, चतुर्थी घातली. पोर वाचावं म्हणून पोराच्या आईला उपाशी ठेवलं. हसू नका. आपल्यात कुणी केलं नाही असं छातीवर हात ठेवून सांगा बघू.

भागूचे ओठ पांढरे पडले, नखं पांढरी पडली, पायांना सूज आली. चार पावलं चालली की डोळ्यांपुढं अंधारी येई. मग ती बाजाराच्या वाटेवर दवाखान्यात गेली. पहिल्यांदा गेली, तर दाराला कुलूप. दुसऱ्यांदा गेली, तर रक्तवाढीच्या गोळ्या संपलेल्या. तिसऱ्यांदा गेली, तर डॉक्टरीणबाई भेटल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून म्हणाल्या, अगं, तुझ्या अंगात रक्तच नाही! हिरव्या पालेभाज्या खा, दूध पी, अंडं खा. गोळ्या पुढच्या आठवड्यात बघू.

भागू म्हणाली, बरं बाई. आणि खाली ठेवलेली मेथीची पाटी डोक्यावर घेऊ लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांब गं, दोन जुड्या मला दे. फार ताजी आहे हो! भागूनं दोन जुड्या दिल्या आणि राहिलेली पाटी बाजारात नेऊन विकली. मला तर इथं आल्यावर दर वेळी, बायांनो, चीड येते. पण पुढं ऐका.

घरातला तांदूळ संपला. भागू दुकानात गेली. दुकानात एक मशीन होतं. अंगठा ठेवायचा, मशीननं ओळखलं तर शिधा. भागूनं अंगठा ठेवला. खुडून खुडून, शेण सारवून, राखेनं भांडी घासून अंगठ्याच्या रेषा कुठल्या राहायला! मशीन म्हणालं, ही ती नव्हे. दुकानदार म्हणाला, अंगठा उठत नाही, उद्या ये. दुसऱ्या दिवशी गेली, म्हणाला उद्या ये. तिसऱ्या दिवशी गेली, म्हणाला उद्या ये. आत पोत्यांची थप्पी छताला टेकलेली, आणि दारातून पोटुशी बाई रिकामी पिशवी घेऊन परत जाते. जळो ते मशीन!

तो शुक्रवार होता. इकडं राजवाड्यात अन्नपूर्णेपुढं छप्पन पदार्थ मांडले होते. माईला घास गिळवेना. ती पाटावरून उतरली, म्हातारीचं रूप घेतलं, काठी टेकत दुकानाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. नंबर आला. माईनं अंगठा ठेवला. जग झालं तेव्हापासून पळी धरून वाढणारा हात तो, रेषा केव्हाच्या झिजलेल्या. मशीननं ओळखलं नाही.

दुकानदार म्हणाला, म्हातारे, तू कोण?

माई म्हणाली, मी अन्नपूर्णा.

दुकानदार म्हणाला, अंगठा उठला तर अन्नपूर्णा, नाहीतर कुणी नाही. चल, बाजूला हो. मागं रांग आहे.

माई बाजूला झाली. ती सरळ केवळाच्या दारात आली. म्हणाली, केवळे, भूक लागलीय गं.

केवळा म्हणाली, आजी, आज चूल थंड. मलाही शुक्रवार, सुनेलाही शुक्रवार. पाणी देते. भागू, आजीला पाणी आण.

माईनं पाहिलं. ओल्या गोणपाटाखाली मेथी झाकलेली, किटलीत दूध भरलेलं, टोपलीत अंडी.

माई म्हणाली, हे काय मग?

केवळा म्हणाली, ते बाजारचं.

इतक्यात भागू तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यातच कोसळली. तांब्या घरंगळत अंगणात गेला. माईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाशी दूध धरलं. केवळाकडं बघून म्हणाली, हा उपास हिला कुणी सांगितला?

केवळा रडत म्हणाली, अन्नपूर्णामाईनं.

मग माई कडाडली. म्हणाली, मी? मी कधी सांगितला? माझ्या हातातली पळी काय मिरवायला आहे? पोटुशीला उपाशी ठेवायचं आणि माझं नाव पुढं करायचं! एक गर्भ गेला तो व्रताच्या खोटीनं नाही गेला केवळे, ताटाच्या खोटीनं गेला!

केवळानं ओळखलं. पाय धरले. म्हणाली, माई, चुकले. हे पोर तरी जगू दे. मला वसा सांग.

माई म्हणाली, सांगते. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील. केवळा म्हणाली, उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही. माई म्हणाली, मग ऐक. दिवस उजाडला की पहिला तोडा आपल्या पातेल्यात घालावा, मग बाजारात न्यावा. पहिलं ताट पोटुशीला वाढावं, बाळंतिणीला वाढावं, मग बाकीच्यांनी बसावं. गरम वाढावं, पोटभर वाढावं. राजानं देऊ केलेल्या शिध्याला भीक म्हणू नये. दुकानातून परत पाठवलं तर परतू नये, तिथंच चूल मांडावी. दवाखान्यातून परत पाठवलं तर परतू नये, तिथंच बसून राहावं. केवळा म्हणाली, आणि उद्यापन? माई म्हणाली, ह्या वशाला उद्यापन नाही.

केवळानं त्याच पावली मेथी चिरली, अंडी उकडली. शेजारणीकडून पीठ आणून भाकरी थापली. भागूला पाटावर बसवली. भागू म्हणाली, सासूबाई, आधी तुम्ही. केवळा म्हणाली, गप. जेव.

दुसऱ्या दिवशी केवळा दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, उद्या ये. केवळानं दारातच तीन दगड मांडले, जाळ केला, वर पाण्याचं पातेलं ठेवलं. बाया म्हणाल्या, केवळे, काय शिजवतेस गं?

केवळा म्हणाली, ह्याचा शब्द शिजवतेय. किती दिवस झाले उद्या म्हणतोय. शिजतो का बघते.

मग एक बाई आली, तिनं चूल मांडली. दुसरी आली, तिनं मांडली. बघता बघता दुकानापासून दवाखान्यापर्यंत चुलीच चुली, आणि सगळ्यांवर नुसतं पाणी. त्यांच्यामध्ये काठी टेकून ती म्हातारी बसलेली.

इकडं राजवाड्यात काय झालं? जाळ लागे, पण भात शिजेना. डाळ शिजेना, दूध तापेना. राणी देवघरात धावली, तर पाट रिकामा. धुराच्या मागानं ती अनवाणी दुकानाशी आली, मागून राजा आला. राणीनं म्हातारीला ओळखलं, पदर पसरला. म्हणाली, माई, माझ्या नैवेद्यात कुठली खोट राहिली?

माई म्हणाली, नैवेद्यात नाही गं. तुझ्या कोठारापासून ह्यांच्या पातेल्यापर्यंतची वाट एकदा तरी चाललीस का? मी चालले. मला हाकलून दिलं.

राजानं दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, महाराज, मी काय करू, मशीन ओळखत नाही.

माई म्हणाली, राजा, तू ठेव बघू अंगठा.

राजानं अंगठा ठेवला. कधी दाणा पेरला नाही, कधी भांडं घासलं नाही. लोण्यासारखा अंगठा. मशीननं झटकन ओळखलं आणि दुकानदारानं सवयीनं माप भरून राजापुढं ओतलं. चुलींवरचं पाणी तेवढं खदखदत होतं. माई म्हणाली, बघ तुझा न्याय! जिनं पिकवलं तिला ओळखत नाही, आणि तुला ओळखतो.

राजाची मान खाली गेली. त्यानं हुकूम दिला, अंगठा उठो न उठो, दारात आलेल्या माणसाला शिधा द्या. दवाखान्याचं दार उघडं ठेवा, गोळ्या आजच्या आज आणा. केवळाच्या पातेल्यात तांदूळ पडला. मग राजवाड्यातला भात शिजला.

पुढं भागूला दिवस भरले, मुलगी झाली. चांगली टणटणीत, रडली तर वेशीपर्यंत ऐकू जाई. केवळानं पहिलं ताट बाळंतिणीला वाढलं. राजाचा हुकूम? तो काही दिवस चालला, मग सैल पडला. हुकमाचं असंच असतं. दुकानदार पुन्हा एकदा उद्या म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानं बाहेर बघितलं, तर केवळा दगड मांडत होती. त्यानं गुपचूप माप भरलं.

जशी अन्नपूर्णामाई भागूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. पण नुसती कहाणी ऐकून ती पावत नाही. शेवंताकाकू, आरतीचं तबक खाली ठेवा. ते नैवेद्याचं पान वैजूपुढं सरकवा. आधी देवीला दाखवायचं म्हणता? देवीनं काय सांगितलं ते आत्ता हातात तांदूळ धरून ऐकलंत ना तुम्ही? मेथी आहे, वरण आहे, तूप वाढा वर. वैजू, सासूच्या तोंडाकडं बघू नकोस. जेव तू, आम्ही बसलोय.

साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरांत सांगून झाली. संपूर्ण झाली, सुफळ व्हायची आहे. वैजूनं घास घेतला, की तीही होईल.